वृद्धाश्रमातले खराब कपडे: पलंगापासून वाळवणाच्या दोरीपर्यंत

पुण्याजवळ एक छोटा वृद्धाश्रम चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. ३५ आजी-आजोबा, त्यातले दहा-बारा जण अंथरुणावरच. चादरी, गाऊन, दुपटी रोज शी-लघवीने भरतात. दोन मावशी मागच्या अंगणात नळाखाली ती घासून धुतात आणि मग घरगुती टॉपलोड मशीनमध्ये डेटॉल घालून फिरवतात. पाऊस सुरू झाल्यापासून धुतलेल्या कपड्यांनाही वास येतो. आता दोन आजोबांना आणि एका मावशींना खरूज झाली आहे. डेटॉल वाढवावं का, मोठं मशीन घ्यावं का, की सगळं बाहेर धोब्याकडे द्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण नर्स म्हणून काम केलंय आणि आता वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवते. ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांत औषध आहे, मशीन आहे, धोबी आहे. मावशींचे हात कुठेच नाहीत, आणि घोळ बहुतेक तिथेच असतो. भरलेली चादर एकदा नीट मशीनमध्ये गेली, गरम पाण्यात धुतली गेली आणि खडखडीत वाळली, की तिच्यापासून कुणाला फारसा धोका उरत नाही. धोका असतो तो पलंगावरून निघाल्यापासून मशीनचं झाकण लागेपर्यंत. म्हणून आधी तेवढ्या वाटेबद्दल बोलते, तुमच्या प्रश्नांकडे नंतर येते.

उद्या सकाळी मावशी चादर बदलत असताना नुसत्या बाजूला उभ्या राहून बघा. काही बोलू नका. बहुतेक ठिकाणी हे असं दिसतं: चादर ओढून काढली, सवयीने एकदा झटकली, गोळा केली आणि पोटाशी धरली. मग शेजारच्या रिकाम्या पलंगावर किंवा जमिनीवर ठेवली, नवी अंथरली, जाताना आणखी दोन खोल्यांतले कपडे त्याच गठ्ठ्यावर रचले आणि सगळं कवटाळून मागच्या दारी नेलं. पुढे त्याच साडीने, त्याच हातांनी आजोबांना नाश्ता भरवला. यात मावशींचा आळस नाही. उलट भराभर काम उरकायची त्यांची ती पद्धत आहे, आणि दुसरी पद्धत त्यांना कुणी दाखवलेली नसते.

बदल एवढाच करायचा की कपडे बादलीपर्यंत न नेता बादली कपड्यांपर्यंत न्यायची. झाकणाची मोठी बादली किंवा चाकांचा डबा घ्या, आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि ती पलंगाशी आणून ठेवा. चादरीला हात लावायच्या आधी हातमोजे आणि प्लास्टिकचा एप्रन घालायचा. कापडी एप्रन ओला झाला की आतल्या साडीपर्यंत ओल जाते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. उलटी किंवा जुलाब असेल, अंगावर उडण्यासारखं असेल, तर तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा. एरवी साध्या ओल्या चादरीसाठी मास्कची सक्ती मी करत नाही. उगाच सगळं घालायला लावलं तर महिन्याभरात माणसं काहीच घालेनाशी होतात.

आजींना कुशीवर वळवलं की आधी डायपर काढायचा. तो आतल्या आत गुंडाळून, कागदात बांधून वेगळ्या डब्यात टाकायचा. धुण्याच्या बादलीत डायपर जाता कामा नये. एक जरी मशीनमध्ये फुटला तरी आतली जेल सगळ्या कपड्यांना चिकटते आणि अख्खा घाणा वाया जातो. चादरीवर घट्ट शी असेल तर ती टिश्यूने किंवा, डायपर बांधण्याआधी, त्याच्याच कोरड्या टोकाने उचलून कमोडमध्ये टाकायची. मग चादर कडांकडून मध्याकडे गुंडाळत न्यायची. खराब भाग आत, कोरडा भाग बाहेर, आणि ती गुंडाळी तशीच न झटकता बादलीत. अंगापासून लांब धरायची, कवटाळायची नाही. बादली दोनतृतीयांश भरली की पिशवीचं तोंड बांधायचं. काठोकाठ भरलेली पिशवी दाबून बांधताना आतली हवा तोंडावर येते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. हातमोजे घालून खराब चादर काढली आणि त्याच मोज्यांनी कपाटातून धुतलेली चादर घेतली. हातमोज्यांनी मावशींचे हात स्वच्छ राहिले, पण कपाटाची मूठ, नवी चादर, आजींची उशी, पलंगाचा कठडा सगळ्यांना घाण लागली. क्रम असा हवा: खराब चादर बादलीत, झाकण बंद, मोजे काढले, हात धुतले, मग नव्या चादरीला हात. स्वच्छ चादर आधीच खुर्चीवर काढून ठेवली तर कपाटापर्यंत जावंच लागत नाही. प्रत्येक खोलीत बेसिन नसेल तर एरवी सॅनिटायझर चालतो, पण जुलाब-उलटीची साथ असताना साबण आणि पाणीच लागतं. उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरस या विषाणूवर आणि जुलाबाच्या काही जंतूंच्या बीजाणूंवर (कवचातल्या चिवट रूपावर) सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचा भरवसा नाही.

चादर गुंडाळण्याआधी ती एकदा नजरेखालून घाला. हाताने चाचपू नका. मधुमेही आजी-आजोबांच्या अंथरुणात इन्सुलिनची सुई, साखर तपासायची लॅन्सेट, कुणाच्या गाऊनची सेफ्टी पिन सापडते. कवळी, कानाचं मशीन, अंगठी, जपमाळ, कागदात बांधून ठेवलेल्या न घेतलेल्या गोळ्या हेही सापडतं. कवळी मशीनमध्ये गेली तर नुकसान तर होतंच, शिवाय नवी होईपर्यंत त्या आजोबांचं जेवण पेजेवर येतं. खिसे पलंगापाशीच बघायचे. नंतर ओल्या ढिगात हात घालून काही शोधायचं नाही.

सुई टोचलीच तर जखम पिळत बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर डॉक्टरांकडे जायचं. एचआयव्हीसाठी टोचल्यानंतरचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि त्या मुदतीतही जितकं लवकर तितकं चांगलं. धुण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस द्या. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. बरेच आश्रम परिचारिकांना लस देतात आणि मावशींना विसरतात. खरं तर सुईशी न बघता गाठ पडते ती मावशींची.

काही ठिकाणी कावीळ किंवा एचआयव्ही असलेल्या व्यक्तीच्या कपड्यांवर चिठ्ठी लावतात आणि ते वेगळे धुतात. ते बंद करा. कुणाला काय आहे हे अर्ध्या वेळा कुणालाच माहीत नसतं. रक्त, शी, लघवी, उलटी, पू लागलेला कपडा कुणाचाही असो, तो एकाच पद्धतीने हाताळायचा. चिठ्ठीने त्या माणसाची अब्रू जाते आणि बाकीच्या कपड्यांबाबत सगळे निष्काळजी होतात.

आता अंगणातला नळ. मी तुमच्या जागी असते तर नळाखाली ब्रशने घासणं आजच बंद केलं असतं. धार जोरात सोडली की शीचे बारीक तुषार मावशींच्या तोंडावर, पायांवर, शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर उडतात. उकिडवं बसलं की तोंड नेमकं तिथेच येतं. घट्ट घाण कमोडमध्ये गेली असेल तर बाकीचं काम मशीनच्या पहिल्या थंड पाण्याच्या फेरीवर सोडायचं. थंडच का, तर रक्त आणि शी यांतली प्रथिनं गरम पाण्याने धाग्यात बसतात आणि डाग पक्का होतो. मशीन बंद पडलं, वीज गेली, तर मोठ्या टबात थंड पाणी आणि साबण घालून कपडे बुडवा, लांब काठीने ढवळा, पाणी हळूच संडासात ओता. हातात जाड, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे हवेत, पायात गमबूट. हे मोजे एका ठरावीक रंगाचे घ्या. भांडी घासायला त्या रंगाचा मोजा कधीच दिसता कामा नये.

मशीनच्या आत जंतू मारण्याचं काम मुख्यतः उष्णता करते आणि तिला वेळ लागतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लाँड्रीच्या मानकात आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सूचनांत आकडे तेच आहेत: ६५ अंश सेल्सियसला निदान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला निदान ३ मिनिटं. ब्रिटनमध्ये त्यावर आणखी ४ ते ८ मिनिटं धरतात, कारण ड्रम जितका ठासून भरलेला तितकी उष्णता ढिगाच्या पोटात पोचायला उशीर लागतो. म्हणून कितीही घाई असली तरी ड्रममध्ये वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

तुमच्या टॉपलोडमध्ये हीटर नसेल, तर नळाला जसं पाणी येतं तशाच पाण्यात सगळं धुतलं जातंय. पुण्यात पुष्कळांकडे सोलर असतं आणि सोलरचं पाणी मशीनला जोडलंय म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाइपातून येता येता आणि थंड ओल्या कपड्यांत मिसळता मिसळता ते बरंच उतरतं. ढगाळ दिवशी तर बोलायलाच नको. भरवसा ठेवायचा तो हीटर असलेल्या फ्रंटलोड मशीनवर, आणि तोही लांबलचक कार्यक्रमावर. 'क्विक', 'इको' असली बटणं या कपड्यांसाठी नाहीत. ६० चा कार्यक्रम लावला तर ६० ला पाणी किती वेळ राहतं हे कंपनीनुसार बदलतं. त्यामुळे पांढऱ्या सुती चादरींना मी त्याच्या वरचाच कार्यक्रम लावायला सांगते.

गरम पाण्याची सोय होईपर्यंत क्लोरीनवर काम चालवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही गरम पाणी नसेल तिथे हाच मार्ग सांगितला आहे: ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात सुमारे ३० मिनिटं भिजवणं, मग स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात पूर्ण वाळवणं. हिशेब सोपा आहे. हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच) बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १० लिटर पाण्यात १०० मिलि, ४ टक्के असेल तर १२५ मिलि. ब्लीचिंग पावडर असेल आणि ती ताजी, साधारण ३० टक्क्यांची असेल, तर १० लिटरला १७ ग्रॅम. पावडर आधी वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळच वापरा. गाळ कपड्यावर बसला तर तिथे कापड विरतं. बाटली सावलीत ठेवा, पाणी रोज नवं करा. गच्चीवर उन्हात तापलेल्या हायपोत जोर राहत नाही.

हे भिजवणं साबणाने धुऊन झाल्यावर करायचं, आधी नाही. कपड्यावर घाण असताना क्लोरीन टाकलं तर ते घाणीशीच लढून संपतं. लघवीने चिंब कपडा थेट हायपोत बुडवला तर क्लोरामाइनची वाफ येते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. मावशींना वाटतं, औषध कडक आहे म्हणजे काम चांगलं होतंय. तसं नाही, ती वाफ छातीला वाईट. संडास धुण्याचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यातलं काहीही हायपोबरोबर एका बादलीत जाता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. ॲसिडची आणि हायपोची बाटली एका फळीवरसुद्धा ठेवू नका.

एक छोटी गोष्ट, जिच्यावरून मावशींना उगाच बोलणी बसतात. पांढऱ्या चादरीवर धुतल्यानंतर तपकिरी डाग उमटतात आणि घासून जात नाहीत. अशा चादरीला आधी क्लोरहेक्सिडिन लागलेलं असतं. जखमेच्या किंवा कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) स्वच्छतेसाठी, गुळण्यांसाठी ते औषध वापरतात. त्यावर क्लोरीन पडलं की असा डाग तयार होतो आणि मग तो निघत नाही. ज्यांच्यासाठी हे औषध चालू आहे त्यांच्या चादरी गरम पाण्यात धुवा, ब्लीच लावू नका.

आता तुमचं डेटॉल. वाढवू नका, या कपड्यांसाठी बंदच केलं तरी चालेल. मशीनभर पाण्यात दोन झाकणं जंतुनाशक इतकं पातळ होतं, वर साबण आणि घाण, की उष्णतेची जागा ते घेऊ शकत नाही. त्याने वास झाकला जातो आणि आपल्याला समाधान मिळतं. तोच पैसा चांगल्या साबणाला द्या. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. त्यात साबण कमी फेसाळतो, म्हणून मावशी जास्त टाकतात आणि मग तो नीट निघत नाही. चादरी कडक, खरखरीत होतात. झोपून असलेल्या माणसाची पाठ आणि माकडहाड त्या खरखरीत कापडावर दिवसभर घासत असतं. लघवीने आधीच हुळहुळलेल्या त्वचेवर राहिलेला साबण किंवा ब्लीच भर घालतो. मग आपण पाठीवर पावडर मारत बसतो. खळबळणं एक फेरी जास्त ठेवा. मावशींना सांगा की शेवटचं पाणी हातात घेतल्यावर बुळबुळीत लागता कामा नये.

वासाचं कारण मात्र पाऊस. धुतलेला ओला कपडा रात्रभर मशीनमध्ये पडून राहिला किंवा खोलीत एकमेकांवर टाकून वाळवला, की उरलेसुरले जंतू आणि बुरशी पुन्हा वाढतात. यात वासापलीकडेही धोका आहे. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या एका मोठ्या रुग्णालयात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला, जी आपल्याकडे २०२१ मध्ये काळी बुरशी म्हणून घराघरात माहीत झाली. शोध घेतला तेव्हा माग बाहेरच्या लाँड्रीतून येणाऱ्या कपड्यांपर्यंत पोचला. तिथली हवाही आपल्या कोकणासारखी दमट. तुमच्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही, पण अनियंत्रित मधुमेह असलेली माणसं तुमच्याकडेही आहेतच. ओलसर घडी कपाटात ठेवणं हे अगदी निषिद्ध माना.

पावसाळ्यात काय करायचं? परवडत असेल तर मशीनआधी ड्रायर घ्या, असं मी पुष्कळ आश्रमांना सांगते. नसेल परवडत तर एक रिकामी खोली वाळवणाला द्या, दोऱ्या वीतभर अंतराने बांधा, पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवा. चादर एकेरी पसरा, दुहेरी नको. नंतर कडक इस्त्री फिरवा. शिवणी आणि नाडीचा भाग शेवटी वाळतो, त्याला हात लावून बघितल्याशिवाय घडी करू नका. शिवाय साठा वाढवा. प्रत्येक पलंगामागे एक चादर अंगाखाली, एक धुण्यात, एक कपाटात, ही किमान तयारी झाली. ज्यांची चादर दिवसातून दोन-तीनदा भरते त्यांना पाच-सहा लागतात आणि पावसाळ्यात त्याहून दोन जास्त. चादरी कमी असल्या की मावशी ओलसरच अंथरतात. त्यात दोष साठ्याचा असतो.

धुतलेले कपडे धुण्याच्या जागेत ठेवू नका. दार लागणारं कपाट, जमिनीपासून वर, मोरीपासून लांब. खराब कपड्यांची ढकलगाडी आणि स्वच्छ कपड्यांची वेगळी. एकच असेल तर सकाळी स्वच्छ कपडे वाटून घ्या, मग खराब गोळा करा, आणि शेवटी गाडी साबणाने धुऊन वाळवा.

खरुजेकडे येते, कारण ते आज पेटलेलं आहे. नुसते कपडे उकळून खरूज जाणार नाही आणि नुसतं मलम लावूनही जाणार नाही. दोन्ही एकाच दिवशी झालं पाहिजे. खरुजेचा किडा अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस जगतो. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे आज न खाजवणारे आजोबाही घेऊन फिरत असतील. म्हणून डॉक्टरांना बोलवा. सगळे रहिवासी, सगळे कर्मचारी आणि लागण झालेल्या मावशींच्या घरची माणसं यांना एकाच वेळी औषध द्यायचं का, कुणाला काय लावायचं, परत कधी लावायचं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. एखाद्या फार अशक्त माणसाच्या अंगावर जाड खपल्या, भुसा पडल्यासारखी कातडी दिसत असेल तर डॉक्टरांना ते आधी दाखवा. हा खरुजेचा वेगळा, फार पसरणारा प्रकार असतो. अशा एका माणसाच्या अंगावर हजारोंनी किडे असतात आणि गळलेल्या खपल्यांतून ते चादरीत उतरतात. तिथे झटकणं म्हणजे खोलीभर पेरणी.

मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ झाल्यावर, गेल्या तीन दिवसांत वापरलेलं सगळं एकदम काढा: चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, अंगावरचे कपडे, पांघरूण. ५० अंशांच्या वर १० मिनिटांत किडा आणि त्याची अंडी मरतात, त्यामुळे गरम धुणं किंवा गरम ड्रायर पुरतो. जे गरम पाण्यात टाकता येत नाही, म्हणजे लोकरी शाल, स्वेटर, चपला, आजींची गोधडी, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. तीन दिवस किमान. मी आठवडाभर ठेवायला सांगते, कारण आश्रमात कुणीतरी दुसऱ्या दिवशी थंडी वाजते म्हणून पिशवी उघडतंच. पिशवीवर तारीख लिहा. व्हीलचेअरची गादी आणि दिवाणखान्यातल्या कापडी खुर्च्या विसरू नका.

गोधडीवरून आठवलं. वृद्धाश्रम म्हणजे रुग्णालय नव्हे. इथे माणसं स्वतःचे कपडे घालतात. कुणाची नऊवारी, कुणाचं धोतर, कुणाला मुलीने आणलेला स्वेटर. ते सगळं एका घाण्यात उकळलं तर जंतू मरतील, पण आठवड्याभरात आजी स्वतःचा कपडा ओळखेनाशा होतील. अंगावरचे कपडे खराब झाले नसतील तर साध्या धुण्यात वेगळे धुवा. आतल्या बाजूला, मानेपाशी किंवा पदराच्या टोकाला, न जाणाऱ्या शाईने खूण करा. बाहेरून दिसेल असं नाव लिहू नका. अंतर्वस्त्रं प्रत्येकाच्या जाळीच्या पिशवीत घालून धुतली की अदलाबदल होत नाही. रेशमी, लोकरी कपडा खराब झाला तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तो गरम पाण्यात गेल्यावर तसाच राहणार नाही. हे दाखल करतानाच्या कागदावर लिहून घेतलं तर पुढचे वाद टळतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. ओला झालेला पायजमा ते लाजेने लपवतात. गादीखाली, कपाटाच्या तळाशी, कधी देवाच्या फोटोमागे. खोलीला वास येतो आणि चादर तर कोरडी असते, तेव्हा रागावू नका, शोधा. रागावलं की पुढच्या वेळी लपवायची जागा बदलते, एवढंच. रोजच्या सफाईत कपाटाचा खालचा कप्पा बघायचा नियम ठेवा. आणि कपडा दारातून नेताना झाकलेल्या बादलीतूनच न्या. इतरांसमोर 'आजोबांनी आज परत भरवलं' हे मोठ्याने म्हणायची पद्धत अनेक आश्रमांत आहे, ती मोडा.

वास चादर बदलूनही जात नसेल तर गादीचं रेक्झिन तपासा. शिवणीपाशी किंवा माकडहाड टेकतं तिथे बारीक चिरा पडतात आणि लघवी आत मुरते. चेन उघडून आतल्या फोमवर डाग बघा. शंका असेल तर कव्हरखाली टिश्यू ठेवून वरून थोडं पाणी ओता आणि हाताने दाबा. टिश्यू ओला झाला तर कव्हर गेलं. फोमच भिजलेला असेल तर कितीही उन्हात टाका, ती गादी कामातून गेली.

जुलाब-उलटीची साथ आली तर वरचंच सगळं, फक्त जास्त कडक. अशा कपड्यांसाठी वेगळी पिशवी. पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्या रुग्णालयांना माल पुरवणाऱ्यांकडे मिळतात. त्या न उघडता तशाच मशीनमध्ये टाकतात, हात लावायलाच लागत नाही. महाग पडतात, म्हणून रोज नको, पण दोन डझन कपाटात असू द्याव्यात. ज्या मावशींना स्वतःला जुलाब होत असतील त्यांना पूर्ण थांबल्यावर आणखी दोन दिवस रजा द्या, पगार न कापता. पगार कापलात तर त्या सांगणारच नाहीत.

राहिला धोबी की मशीन हा प्रश्न. रोज भरणाऱ्या दहा-बारा पलंगांचे कपडे बाहेर द्यायला मी सहसा नाही म्हणते. भरलेला कपडा न धुता धोब्याला देणं म्हणजे आपला धोका त्याच्या घरी पाठवणं. बहुतेक छोट्या धोब्यांकडे ते धुवायची वेगळी जागा नसते, आणि कुणाचे कपडे कुणाबरोबर फिरतात हे आपल्याला कळत नाही. त्यातही तो दोन दिवसांनी येणार, तोवर ती पिशवी तुमच्या अंगणात. द्यायचंच असेल तर रुग्णालयांचं काम करणारी लाँड्री शोधा, स्वतः जाऊन बघा. खराब कपडे आत येतात ती बाजू आणि स्वच्छ बाहेर पडतात ती बाजू वेगळी आहे का, पाण्याचं तापमान नोंदवतात का, नेणारी आणि आणणारी गाडी एकच असेल तर मधे धुतात का, एवढं विचारा. पडदे, ब्लँकेट, कोरड्या चादरी साध्या धोब्याकडे खुशाल द्या.

तुमच्या आकाराच्या आश्रमाला औद्योगिक मशीन लागेलच असं नाही. हीटरवाली दोन फ्रंटलोड मशीनं घ्या. एक बंद पडलं तरी दुसरं चालतं. घरगुती मशीन आश्रमात दिवसभर चालवलं तर वॉरंटी लागू राहते का हे खरेदीआधी लेखी विचारा. पण पैसे एकदम नसतील तर खरेदीचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात झाकणाच्या बादल्या, एप्रन, दोन रंगांचे हातमोजे आणि धुण्याच्या जागेत हात धुवायला साबणासकट नळ. पुढच्या महिन्यात चादरी. मग ड्रायर, मग मशीन. अंगणातलं सध्याचं टॉपलोड फेकू नका. साध्या कपड्यांना आणि मावशींच्या कामाच्या साड्यांना ते छान आहे. त्या साड्या आश्रमातच धुवायच्या, घरी न्यायच्या नाहीत. त्यांना बदलायला एक खोली आणि कुलपाचं कपाट द्या.